एकच गोलकीपर

नाचणगाव
२४ ऑगस्ट २०२४

ती. मामाजींस,
सुरभीचा नमस्कार.

काल मी फोन केला तेव्हा तुम्ही "कोण, वीज मंडळ का?" असं दोनदा विचारलं आणि फोन ठेवून दिला. आई म्हणाली, तुझ्या मामाशी बोलायचं असेल तर आता पत्रच लिही. मेसेज पाठवला तर मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत, आणि वहिनी वाचून दाखवते ते ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र, मोठ्या अक्षरात.

बातमी अशी की आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची मी यंदा कॅप्टन आहे. मागच्या वर्षी टीम नवीन होती, पहिल्याच मॅचमध्ये इतके गोल खाल्ले की परत येताना बसमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही. यंदा तसं होणार नाही. माझं शेवटचं वर्ष आहे. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली तर पुढे नोकरीसाठी खेळाडू म्हणून अर्ज करता येतो. नाही झाली तर बी.ए. करून घरी बसायचं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आम्हाला शिकवायला अंजू मॅडम आहेत. कॉलेजनं त्यांना तासांवर ठेवलं आहे. त्या मुळात कबड्डीच्या, पण मनापासून करतात. तुम्ही इथे असता तर गोष्ट वेगळी होती. पुलगावात अजून लोक म्हणतात की फुटबॉल शिकवावं तर पुंडलिक सरांनी.

आणि आमच्याकडे काजल आहे. तुमच्या चंद्रभानची मुलगी. तुम्ही ज्यांना शाळेत पीटी शिकवली तेच चंद्रभान काका, दूधवाले. काजल त्यांच्यासारखीच उंच आहे. रोज सकाळी दुधाच्या कॅन उचलून हात असे झालेत की बॉल तिच्याकडे गेला की तिथेच राहतो. ती आमची गोलकीपर. दुसरी कोणी गोलमध्ये उभी राहायला तयारच नाही, अंगावर बॉल येतो म्हणून. काजल म्हणते, "म्हैस अंगावर येते तवा भेव लागत नाई, बॉलचं काय घेऊन बसली."

तिला काय शिकवू ते लिहा. सगळं लिहा.

तुमची,
सुरभी


रायपूर
२ सप्टेंबर २०२४

चि. सुरभीस,
अनेक आशीर्वाद.

वीज मंडळाचा राग मानू नकोस. हल्ली मला सगळेच फोन वीज मंडळाचे वाटतात. कानात यंत्र घातलं तर त्याची शिट्टी तेवढी ऐकू येते, आणि शिट्टी वाजली की मी सवयीनं उठून उभा राहतो. सूनबाईला याचं फार हसू येतं.

आज तिकडे पोळा. इथे बैल नाहीत, ट्रक आहेत. मी दिवसभर टीव्हीवर मॅचेस पाहतो, आवाज बंद करून. सगळ्यांची सोय होते.

आता कामाचं. चंद्रभानची मुलगी गोलकीपर आहे हे वाचून आनंद झाला. त्याचे हात चांगले होते, पण डोकं म्हशींमध्ये. मुलीला तीन गोष्टी सांग. बॉल येण्याआधी पाय जागेवर आणायचे. नजर मारणाऱ्याच्या पायावर, तोंडावर नाही. आणि बोलायचं. गोलकीपरला सगळं ग्राउंड दिसतं, इतरांना नाही, तेव्हा तिनं सतत ओरडून सांगितलं पाहिजे. गप्प गोलकीपर म्हणजे नुसता खांब. तुम्ही बाकीच्यांनी तिच्या पुढे फार पसरून उभं राहायचं नाही. एवढं केलंत तरी निम्म्या टीमांना तुम्ही भारी पडाल.

अंजू मॅडमना माझा नमस्कार सांग. कबड्डीवाल्यांचा दम चांगला असतो. दम त्यांच्याकडून घ्या, खेळ मी सांगतो.

प्रत्येक मॅचनंतर लिही. मी वाट पाहीन. इथे वाट पाहण्यासारखं दुसरं फार काही नाही.

तुझा मामा,
पुंडलिकराव


नाचणगाव
२२ सप्टेंबर २०२४

ती. मामाजींस,
नमस्कार.

जिंकलो. एक-शून्य. वर्ध्याला मॅच होती, हिंगणघाटच्या टीमशी, जिच्याकडून मागच्या वर्षी आम्ही मार खाल्ला होता त्याच टीमशी. वर्षालीनं कॉर्नरवर गोल केला. डोळे मिटून पाय मारला असं तीच सांगते. पण मॅच जिंकली ती काजलनं. तुम्ही सांगितलं तसं ती पूर्ण वेळ ओरडत होती. "वर्षाली, मागं पाह्य. सुरभी, ते पोट्टी एकटी उभी आहे." समोरच्यांनी किती शॉट मारले याला मोजमाप नाही. एक बॉल तिनं असा अडवला की त्यांच्या सरांनीच टाळ्या वाजवल्या.

परत येताना एसटीत आम्ही इतका गोंधळ घातला की कंडक्टरनं देवळीला उतरवून देण्याची धमकी दिली.

एक विचारायचं होतं. शेवटी शेवटी बॉल पकडायला काजल खाली झेपावली तेव्हा समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या डोक्याला लागला. पडली, पण उठली आणि मॅच पूर्ण केली. आता डोकं थोडं दुखतं म्हणते. अंजू मॅडम म्हणतात की नागपूरला नेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवू आणि पुढच्या मॅचला तिला बसवू. पुढची मॅच नवरात्रात नागपुरात आहे. ती जिंकली तर विद्यापीठाच्या निवडीला आमच्या टीममधल्या मुलींना बोलावतील असं म्हणतात. काजल बसली तर आम्ही जाऊन काय करणार? आमच्याकडे एकच गोलकीपर आहे.

तुम्ही काय म्हणता ते लिहा. तुम्ही म्हटलं तर मॅडम ऐकतील. चंद्रभान काकाही ऐकतील.

तुमची,
सुरभी


रायपूर
२८ सप्टेंबर २०२४

चि. सुरभीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सूनबाईनं वाचलं, नातवानं वाचलं. शेजारच्या मिश्राजींना मराठी येत नाही, त्यांना मी हिंदीत करून सांगितलं. ते म्हणाले, "आपकी भांजी तो कमाल है।" म्हणजे तसं म्हणाले असावेत, मी त्यांच्या हातवाऱ्यांवरून समजलो.

काजलचं विचारलंस. थोडं डोकं दुखणं हे खेळाडूचं दुखणं नव्हे. माझ्या वेळी कपाळाला पट्टी बांधून पोरं खेळली आहेत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आली आहेत. मोठा डॉक्टर म्हणजे तपासण्या, आणि तपासण्या म्हणजे तो काहीतरी काढणारच. दोन-चार दिवस आराम दे, डोक्याला तेल लाव, ताक पाज. मग गोलमध्ये उभी कर आणि हलके शॉट मार. हे लवकर करायला हवं. गोलकीपरला एकदा मार लागल्यावर बसवून ठेवली की मनात भीती बसते, आणि ती भीती मग निघत नाही. अशी चांगली पोरं मी वाया गेलेली पाहिली आहेत.

मॅडमना म्हणावं, पुंडलिक सरांनी सांगितलं. त्या कबड्डीच्या आहेत, त्यांना वाटणारच. चंद्रभानला माझा निरोप दे की पोरीला घरी बसवू नकोस, असा हात वरचेवर मिळत नाही.

नागपूरचं लगेच कळव.

तुझा मामा,
पुंडलिकराव


नाचणगाव
५ नोव्हेंबर २०२४

मामाजी,

आधी दोनदा लिहायला बसले, जमलं नाही. आई म्हणते, ते वाट पाहत असतील, कळवलं पाहिजे.

आठ ऑक्टोबरला नागपूरला गेलो. वाटेत केळझरला गाडी थांबवली, मुली टेकडीवरच्या गणपतीला गेल्या. काजल ओढणी डोळ्यांवर घेऊन गाडीतच बसली. चल म्हटलं तर म्हणाली, "तूच माह्या नावानं हात जोडजो. मले नाई चढवत." मी तिच्या नावानं हात जोडले.

पहिल्या हाफमध्ये कोणाचाच गोल झाला नाही. काजल ओरडत नव्हती. मला वाटलं, मोठ्या ग्राउंडला बुजली असेल. दुसऱ्या हाफमध्ये जवळून मारलेला एक बॉल तिच्या कानाच्या वर लागला. साधा बॉल होता. एरवी तिनं हसण्यावारी नेला असता. ती खाली बसली, मग उठली. ग्लोव्हज काढून हातात घेतले आणि माझ्याकडे चालत आली. म्हणाली, "सुरभी, कोणत्या गोलमधी उभं राह्यचं?"

मी तिला हात धरून दाखवायला लागले तेव्हा ती पडली.

नागपूरच्याच दवाखान्यात नेलं. डोक्यात रक्त साचलं होतं. ऑपरेशन केलं, कवटीचं एका बाजूचं हाड काढून ठेवलं आहे, काही महिन्यांनी बसवतात म्हणे. दिवाळी तिच्या घरच्यांनी दवाखान्यातच काढली. आता शुद्धीवर आहे. उजवा हात आणि उजवा पाय हलत नाही. बोलते, पण शब्द लोळत येतात, कान लावून ऐकावं लागतं. आईला, मंदाकाकूंना, ओळखते. मी गेले तेव्हा मला म्हणाली, "शाळा सुटली का?"

मॅच आम्ही तिथेच सोडली. कॉलेजनं टीम स्पर्धेतून काढून घेतली आहे.

तुमचं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं होतं. चंद्रभान काकांनाही, त्यांच्या गोठ्यात. ते ऐकून काका म्हणाले होते, "सरनं सांगतलं म्हणजे झालं." आता तुमचं नाव कोणी काढत नाही. माझंही नाही.

सुरभी


रायपूर
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सुरभीस,
आशीर्वाद.

पत्र आल्यापासून जेवण जात नाही. चंद्रभानला काय लिहावं सुचत नाही, म्हणून लिहिलेलं नाही. तू भेटशील तेव्हा माझ्या वतीनं दोन शब्द बोल.

पण तू खचू नकोस. खेळात अपघात होतात. एवढी वर्षं मी ग्राउंडवर काढली, हात मोडलेले, पाय मोडलेले पाहिले. हे त्याहून मोठं आहे, मान्य. पण आहे अपघातच. तो बॉल तू मारला नव्हतास, मीही नाही.

मी काय लिहिलं ते मला आठवतं. तू लिहिलंस, थोडं डोकं दुखतं. त्यावर कोणीही जाणत्या माणसानं सांगितलं असतं तेच मी सांगितलं. यापेक्षा जास्त मला ठाऊक नव्हतं.

कॉलेज चौकशी करील. करतातच, त्यांना कागद पुरे करायचे असतात. तेव्हा माझं नाव मध्ये आणू नकोस. मी शेकडो मैलांवर बसलेला म्हातारा, माझं नाव घेऊन कोणाचं काही भलं व्हायचं नाही. उलट त्या गावात माझी उभी हयात गेली, तिथे माझ्याबद्दल वेडंवाकडं बोललं जाईल आणि तुझ्या आईला ते ऐकत राहावं लागेल. पोरीनं दुखणं अंगावर काढलं असेल तर तसं सांगायला हरकत नाही. खेळाडू सांगत नाहीत, हे खरंच आहे.

पुढल्या वर्षी टीम पुन्हा उभी राहील. मन घट्ट कर.

मामा


नाचणगाव
२८ नोव्हेंबर २०२४

ती. मामाजींस,

चौकशी झाली. प्राचार्यांच्या खोलीत आणखी दोन सर होते आणि अंजू मॅडम भिंतीजवळ बसल्या होत्या. मला विचारलं, काजलला आधीपासून त्रास होता का. मी म्हटलं, तिनं आम्हाला सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, काहीच सांगितलं नाही? मी म्हटलं, नाही.

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. कोणी एक जबाबदार लागतंच, म्हणून त्यांना पुढचे तास दिले नाहीत. खेळाच्या खोलीच्या चाव्या देऊन त्या निघाल्या तेव्हा मी गेटजवळ उभी होते. मला वाटलं बोलतील काही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी बी आयकलंच ना, सुरभी. मी नाई म्हणायले पायजे होतं." आणि ऑटोत बसून गेल्या.

आता तुम्हाला जे लिहिलं नव्हतं ते लिहिते.

वर्ध्याची मॅच जिंकून आलो त्या दिवशी काजल एसटीत ओकली होती. एकदा नाही, दोनदा. पुलगावला उतरलो तेव्हा मला विचारत होती की मॅच कधी आहे. जिंकल्याचं तिला आठवतच नव्हतं. आम्ही समजलो गंमत करते. पुढे आठवडाभर तिला उजेड सहन होत नव्हता. दूध वाटायला गेली आणि नेहमीचं घर विसरून पुढे निघून गेली. हे सगळं ती मला सांगत होती. आईला सांगत नव्हती, मला सांगत होती. "सुरभी, मले बरं नाई वाटून राह्यलं. डोस्क्यात काही तरी हलते." आणि मी तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. भीती बसते ते वाक्य दोनदा वाचलं. तिनं विचारलं, "सरले सांगतलं का तू, मी ओकली ते?" मी हो म्हटलं.

तुम्हाला मी फक्त थोडं डोकं दुखतं एवढं लिहिलं. सगळं लिहिलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं. मला ते माहीत होतं, म्हणूनच लिहिलं नाही. मला नागपूरला खेळायचं होतं.

तेव्हा मामाजी, तुमचा यात काही दोष नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

काजल घरी आली आहे. मी एकदा जाऊन आले. नंतर पाय उचलत नाही. त्यांच्या घरावरून जावं लागू नये म्हणून मी कॉलेजला मागच्या रस्त्यानं जाते. ग्राउंडवर आता गाड्या लावतात.

सुरभी


रायपूर
२० जानेवारी २०२५

चि. सुरभी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर दिलं नाही, त्याचं कारण सांगतो.

ते वाचून आधी मला बरं वाटलं. हलकं वाटलं. चला, पोरीनं आपल्यापासून लपवलं, आपण तरी काय करणार होतो. बरेच दिवस मी नीट जेवलो, फिरायला जाऊ लागलो. मिश्राजींनाही सांगून टाकलं की मला पूर्ण हकीकत कळवलीच नव्हती.

मग एक दिवस टीव्हीवर मॅच लागली होती. एका गोलकीपरच्या डोक्याला लागलं, रेफरीनं खेळ थांबवला, डॉक्टर आत आले आणि त्याला बाहेर घेऊन गेले. आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, काय झालं एवढं? उभा कर त्याला." मी खोलीत एकटाच होतो. तेव्हा मी स्वतःला विचारलं की सुरभीनं ओकल्याचं लिहिलं असतं तर मी थांबवलं असतं का. तुला वाटतं मी थांबवलं असतं. मला नाही वाटत. मी लिहिलं असतं की उन्हानं होतं, लिंबू-पाणी दे. म्हणजे तू लपवलंस म्हणून काही फरक पडला नाही. मामाला कळलं असतं तर त्यानं वाचवलं असतं, हा तुझ्या मनाचा आधारही मी काढून घेतो आहे, हे मला कळतं. पण खोटं लिहून तुला आणखी किती दिवस वापरू?

संक्रांतीच्या सुमारास मी नाचणगावला येऊन गेलो. तुझ्या आईला न कळवता गेलो. तू समुद्रपूरला काकूकडे गेल्याचं गावात कळलं. बरंच झालं म्हणायचं. चंद्रभानसमोर बसून सगळं सांगायचं असं गाडीत ठरवत गेलो होतो.

काजल अंगणात खाटेवर उन्हाला बसवली होती. डोक्याला रुमाल. केस आता बोटभर आले आहेत, एक बाजू आत गेलेली दिसते. मंदाबाईंनी खुर्ची दिली. चंद्रभान दूध घालून आला आणि मला पाहून उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. तसाच गोठ्यात निघून गेला. मंदाबाई चहा ठेवायला आत गेल्या. आम्ही दोघंच राहिलो.

ती माझ्याशी बोलू लागली. ओठ हलताना दिसत होते. मी यंत्र नीट बसवलं, त्याची शिट्टी वाजली. खुर्ची जवळ ओढली, वाकलो. तिनं डाव्या हातानं माझी बाही धरली आणि तेच पुन्हा म्हणाली, मग पुन्हा. तिचे शब्द लोळतात, मला तर साफ बोललेलं ऐकू येत नाही. मला वाटलं, ओळखलं का असं विचारते आहे, किंवा तुम्हीच का ते सर. किती वेळा बोलायला लावायचं त्या पोरीला? मी मान हलवली. म्हटलं, "हो बेटा, हो."

ती हसली. अर्ध्या तोंडानं.

मंदाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कप ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन इतक्या मोठ्यानं बोलल्या की शेजारीपाजारी ऐकू गेलं असेल. "सर, ते विचारून राह्यली, मी पुढच्या वर्षी खेळीन का म्हणून. तुमी हो म्हणले तिले."

मी दुरुस्त केलं नाही. त्या दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मी चहा प्यायलो आणि उठलो. चंद्रभानला सांगायचं ते तसंच राहिलं.

तू परत आल्यावर तिच्याकडे जाशील का? तिला समजावून सांगशील का, की सरांना ऐकू आलं नव्हतं? मला ते पत्रात लिहून त्यांच्याकडे पाठवण्याचं धाडस होत नाही.

मामा


नाचणगाव
३ फेब्रुवारी २०२५

मामाजी,

तुमचं पत्र येण्याआधीच मला कळलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला काजल सांगत होती. पुंडलिक सर आले होते, मी खेळणार आहे. मग एक दिवस मंदाकाकू नळावर असताना ती भिंतीला धरून उभी राहायला गेली आणि तोंडावर पडली. ओठ फाटला, पुढचा एक दात गेला. हाड बसवायचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्या बाजूला लागलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी काकूंना ऐकवलं.

तुम्ही माझा आधार काढून घेतला म्हणता. तो तसाही टिकला नसता. तुम्ही काय केलं असतं ते तुम्हाला ठाऊक. मी काय केलं ते मला ठाऊक आहे.

मी आधी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, मी खोटं सांगितलं होतं, काजलनं मला सगळं सांगितलं होतं, अंजू मॅडम तिला बसवायचं म्हणत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आता ते प्रकरण बंद झालं आहे. मॅडमनाही दुसरीकडे काम मिळालं म्हणतात. तुझी परीक्षा जवळ आली, अभ्यास कर." वर मला पाणी देऊ केलं. मी तशीच परत आले.

मग काजलकडे गेले. काकू खाली बसून तूर पाखडत होत्या. मला पाहून त्या थांबल्या नाहीत. मी खाटेजवळ बसले आणि काजलला म्हटलं, "तू पुढच्या वर्षी खेळणार नाईस. त्याच्या पुढच्याही वर्षी नाई. सरले आयकू येत नाई, त्यायनं उगाच मान हलवली."

तिनं मान जोरात हलवली. नाही म्हणत होती.

मी म्हटलं, "आणि तू ओकली ते मी सरले लिहिलं नव्हतं. तू मले विचारलं तवा मी खोटं बोलली. कॉलेजातबी खोटं बोलली, की तू आम्हाले काही सांगतलं नाई म्हणून." थांबायचं नाही असं ठरवून गेले होते, म्हणून सगळं एका दमात बोलले. काकूंचं सूप थांबलं होतं.

काजलला किती समजलं मला सांगता येणार नाही. मग डाव्या हातानं तिनं मला मारलं, खांद्यावर, मग तोंडावर. त्या हातात अजून जोर आहे. मी बसून राहिले. ती दमली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. रडतानाही तिचं एकाच बाजूचं तोंड हलतं.

काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. मला वाटलं, आता बोलतील. काय बोलल्या असत्या तरी मी ऐकून घेतलं असतं. त्या म्हणाल्या, "उद्या येजो."

मला कळलं नाही.

"मी तुले माफ केलं असं समजू नोको. ते माह्याच्यानं होत नाई, पुढं होईन का तेबी मले मालूम नाई. पण तू येजो. दिवसभर ते माह्यावर राग काढते. भाकर फेकून देते, पाणी सांडवते. आता तिले मालूम झालं कोणावर राग काढाचा तं. मले थोडं बसू दे."

तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं असेल तर तुम्ही या. मी तुमच्या वतीनं काही बोलणार नाही. येणार असाल तर कळवून या आणि चंद्रभान काका घरी असतील तेव्हा या.

मी आज गेले होते. काकूंनी वरण-पोळी कुस्करून ताट माझ्या हातात दिलं. पहिला घास काजलनं तोंडात घेतला आणि माझ्या अंगावर थुंकला. काकूंनी पाहिलं आणि त्या बाहेर जाऊन उन्हात बसल्या. मी दुसरा घास केला.

सुरभी